ओल्या फडक्यातलं बी

"तुम्ही उघडताय की मी उघडू?" खातूननं विचारलं. "आज पाचवा दिवस. आणखी ठेवलीत तर आंबून जातील."

"उघडतो. जरा चष्मा पुसू दे."

"तीनदा पुसून झालाय."

शमशुद्दीननं तो चौथ्यांदा पुसला. गच्चीवरच्या पत्र्याच्या सावलीत तो पाटावर बसला होता आणि समोरच्या टोपलीत ओल्या फडक्याच्या अठरा पुरचुंड्या होत्या. प्रत्येकीत पाच बिया, गाठीला दोऱ्यानं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर त्याच्या वळणदार अक्षरातलं नाव. पावसाळ्याच्या आधी बी उगवतंय की नाही हे असं ओल्या फडक्यात बांधून बघतात, म्हणजे पेरल्यावर फसगत होत नाही. हे कुणीही शेतकरी करतो. फरक इतकाच, की शेतकरी चिठ्ठीवर भाजीचं नाव लिहील. शमशुद्दीन माणसाचं लिहायचा.

खाली भवानी पेठेतली वखार जागी झाली आणि करवतीचा आवाज सुरू झाला. शमशुद्दीननं पहिली गाठ सोडली. पाची बियांना पांढरे कोंब आले होते.

"सोजरबाई आहेत," तो म्हणाला.

"असू देत बिचाऱ्या," खातून म्हणाली आणि कोंब आलेल्या बिया मातीच्या डब्यात टोचू लागली.

"आप्पासाहेबही आहेत."

"ते कसले जाताहेत. आपल्याला पोचवून मग जातील."

अशा सतरा पुरचुंड्या झाल्या. शेवटची त्यानं मुद्दाम मागे ठेवली होती. ताटातला आवडीचा पदार्थ शेवटी खायचा, तशी ही त्याची दरवर्षीची सवय. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'दत्तोबा ड्रायव्हर, दोडका, ८६'. त्यानं गाठ सोडली. फडकं ओलंचिंब होतं, हाताला गार लागत होतं. त्यावर पाच काळ्या बिया होत्या, ठेवल्या तशाच. त्यानं एक उचलली. ती कोरडी होती. पाच दिवस ओल्यात राहून ती फुगली नव्हती, मऊ पडली नव्हती, कुजली नव्हती. बोटानं घासली तर दोडक्याच्या आतला वाळका भुसाही तिला अजून चिकटलेला निघाला.

"खातून, हे बघ."

खातूननं बी चिमटीत धरलं, उन्हाकडे करून पाहिलं आणि परत फडक्यावर ठेवलं. बोलली मात्र काही नाही. आणि खातून काही बोलली नाही, म्हणजे गोष्ट साधी नव्हती.

शमशुद्दीन एस.टी.त कंडक्टर होता. स्वारगेट डेपोत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. बढती नाही, बक्षीस नाही, कधी मेमोही नाही. त्यातली अठरा वर्षं वेल्ह्याकडच्या मुक्कामी गाडीवर गेली आणि त्या अठराही वर्षांत गाडी चालवायला दत्तोबा होता. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी गावात जाऊन थांबायची आणि सकाळी पुण्याला निघायची. गावात वस्ती झाली, की भाकरी कुणाकडे तरी व्हायचीच. निघताना कुणी फडक्यात बांधून बी द्यायचं. "कंडक्टर, लई ग्वाड मिर्ची हाय, घरी लावा." शमशुद्दीनला नाही म्हणायची सवय नव्हती.

हे बी ठेवायला त्यानं जुन्या बाजारातून कंडक्टरची एक बाद झालेली पत्र्याची पेटी आणली होती. तिकिटांच्या गठ्ठ्यांसाठी केलेल्या कप्प्यांत आता पुड्या बसल्या. ज्यानं दिलं त्याचं मूळ बी पेटीत जपून ठेवायचं, त्यातलं मूठभर गच्चीत लावायचं, हा त्याचा शिरस्ता. गच्चीत वखारीतून आणलेली खोकी होती, डालड्याचे डबे होते, त्यांत सगळं येई. आणि शिष्टाचार असा, की ज्याचं बी घेतलं त्याला आपल्याकडचं बी द्यायचं. त्यामुळे भवानी पेठेतली काकडी वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर गेली आणि तिथे 'शमशूभाईंची काकडी' म्हणून नावाजली.

आता ती शमशूभाईंची कशी, हे शमशूभाईंनाही सांगता आलं नसतं. वेलावर काकडी पिवळी पडून जून होईपर्यंत राखायची ती खातून. तिचा गर काढून तीन दिवस पाण्यात ठेवायची ती खातून. वर तरंगलेलं फेकायचं, तळाशी बसलेलं धुवायचं, राखेत घोळायचं, सावलीत वाळवायचं, मुंग्यांपासून सांभाळायचं, हे सगळं खातूनचं. शमशुद्दीन पुडीवर नाव घालायचा आणि गाडीनं पोचवायचा. दोघांचं घरातलं बोलणं अर्धं दखनी आणि अर्धं मराठी. पण खातून कसब्यात मराठी शाळेत शिकलेली असल्यामुळे टोमणे मात्र स्वच्छ मराठीत असत. "नाव लिहिणाऱ्याचं होतं, हे बरंय," असं ती एकदा म्हणाली होती. शमशुद्दीन त्यावर हसला होता.

पुरचुंड्यांची भानगड पहिल्यांदा कळली ती गेनबाच्या मिरचीवरून. एका उन्हाळ्यात गेनबाचं बी, तेही जेमतेम वर्षभराचं, ओल्या फडक्यातून कोरडं निघालं. बाकीची दहा-दहा वर्षांची उगवली आणि हे नाही. महिन्याभरानं स्वारगेटला त्या वाडीचा एक माणूस भेटला. गेनबाला पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता, आणि तो त्याच आठवड्यात गेला होता. पुढे ताकवाल्या बायडाबाईचा वाल कोरडा निघाला. शमशुद्दीननं तिथल्या मास्तरांना कार्ड टाकलं. उत्तर आलं, 'बायडाबाई पाडव्याला वारल्या.'

आप्पासाहेबांच्या वेळी उलटं झालं. आप्पासाहेब वारले असं डेपोत कळलं. शमशुद्दीन हार घेऊन, टोपी घालून निघाला, तर खातूननं त्याला जिन्यात अडवलं. "अहो, त्यांची भेंडी उगवलीय. हार परत करून या." गेलेले आप्पासाहेब दुसरेच निघाले, शेजारच्या गावचे. भेंडीवाले आप्पासाहेब स्वतःच्या हातानं बी धरणारे, दुसऱ्या कुणाला शिवू न देणारे; ते ठणठणीत होते आणि पुढेही राहिले.

तेव्हापासून त्याचा या फडक्यांवर पुरता विश्वास बसला. लोक सकाळी चहाबरोबर पेपरातल्या निधनवार्ता वाचतात. शमशुद्दीन वर्षातून एकदा गच्चीवर बसून वाचायचा. भीती वाटायची, नाही असं नाही. पण त्या भीतीत एक सोयही होती. दत्तोबा निवृत्त होऊन गावी गेल्यापासून, वेल्ह्याला जाऊ, त्याच्याकडे दोन दिवस राहू, असं तो दरवर्षी म्हणायचा. मग मे महिन्यात दत्तोबाच्या पुरचुंडीला कोंब यायचे आणि तो म्हणायचा, "दत्तोबा आहे. जाऊ पुढच्या वर्षी." दत्तोबाच्या वाडीत फोन नव्हता आणि दत्तोबा पत्र लिहिणाऱ्यातला नव्हता. अशी अकरा वर्षं गेली. अकरा वर्षांत तो एकदाही गेला नाही, कारण दरवर्षी बी उगवत होतं.

"उद्या पहाटेच्या गाडीनं जातो," तो म्हणाला.

"आता कशाला?" खातून म्हणाली. मग तिचं तिलाच ते कडू वाटलं असावं. "जा. मातीला जायला नसेल मिळालं, निदान घरच्यांना भेटून या. तुळजावहिनींना माझा सलाम सांगा."

खातून तुळजाबाईला एकदाच भेटली होती, जत्रेच्या वेळी. दोघी दिवसभर परसात बसून काय बोलत होत्या, ते पुरुषांना कळलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शमशुद्दीन कंडक्टरच्या मागच्या बाकावर बसला. गाडी थांबली की त्याचा हात आपोआप दोरीकडे जायचा. नसरापूर मागे पडलं, डोंगर जवळ आले. त्याला दत्तोबाचा आवाज आठवत होता, पण चेहरा नीट जुळत नव्हता. अठरा वर्षं तो दत्तोबाच्या पाठीमागे उभा होता. चेहऱ्यापेक्षा मानच जास्त पाहिली होती. अकरा वर्षं आपण काय करत होतो, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. मित्र जिवंत आहे एवढं कळलं की पुरे, असं कसं आपल्याला वाटलं?

फाट्यावर उतरून तो वाडीकडे चालू लागला. तोरण्यावर ऊन चढलं होतं. दत्तोबाच्या घराचं दार उघडं होतं आणि अंगणात कुणी नव्हतं. त्यानं उंबऱ्यातून आत पाहिलं. आतल्या कोपऱ्यात, सारवलेल्या जागेवर, दिवा तेवत होता. माणूस गेलं की त्या जागी ठेवतात तो दिवा. शमशुद्दीन पायरीवरच बसला.

"कोन हाय?"

घराच्या मागून हातात तांब्या घेऊन एक म्हातारा आला. वाकलेला, दाढी वाढलेली. शमशुद्दीननं आधी मान ओळखली.

"दत्तोबा," तो म्हणाला. "तू आहेस?"

दत्तोबा जिथल्या तिथे थांबला. तांब्या खाली ठेवून तो हळूहळू जवळ आला, त्यानं शमशुद्दीनच्या खांद्यावर हात ठेवला, मग दंड चाचपला, मग मनगट धरलं.

"आन् तू?" तो म्हणाला. "तू हाईस व्हय, शमशूभाई?"

"आहे म्हणजे? हा काय समोर."

"मला वाटलं, तू ग्येलास."

"मला वाटलं, तू गेलास."

दोघंही म्हातारे क्षणभर हसले. हसताना शमशुद्दीनला फार आनंद झाला, इतका की डोळ्यांना पाणी आलं. मग त्याची नजर पुन्हा आत गेली.

"मग हा दिवा?"

"तुळजा ग्येली," दत्तोबा म्हणाला. "आज आठवा दिस."

आपण आत्ता हसलो याची शमशुद्दीनला शरम वाटली. दत्तोबानं त्याला आत नेलं, घोंगडीवर बसवलं, पाणी दिलं. म्हातारीला दोन महिने ताप येत होता, खाणं तुटलं होतं, पोरगा डॉक्टरकडे नेऊन आणला, पण काही उपयोग झाला नाही. दत्तोबा हे सगळं एका सुरात सांगत होता, गाडीच्या वेळा सांगाव्या तसं.

"तुझा दोडका उगवला नाही यंदा," शमशुद्दीन म्हणाला. "म्हणून आलो. मला वाटलं, तुझं काही..."

"माजा कुटला दोडका?"

"तू दिलेला. निवृत्त झालास तेव्हाचा."

"आरं, मी निस्ता तुज्या हातात दिला. बी तिनं धरलं व्हतं. येलावर तिनं राखला, चुलीवर तिनं टांगला, सोलून तिनं बांधला. मला दोडक्याचं काय कळतंय? मी स्टेरिंगवाला मानूस."

अकरा वर्षं शमशुद्दीन चिठ्ठीवर चुकीचं नाव लिहीत होता. अकरा वर्षं मे महिन्यात कोंब आले ते तुळजाबाईचे होते, आणि तो म्हणत होता, दत्तोबा आहे.

"तुला कसं वाटलं, मी गेलो म्हणून?" त्यानं विचारलं.

"चल, दावतो."

दत्तोबा त्याला परसात घेऊन गेला. मोरीचं पाणी जिथे जातं तिथे चिखलाचा एक लांबट वाफा होता. वर काट्याकुट्यांचा मांडव घातलेला, पण मांडवावर काही नव्हतं.

"तुजी काकडी," दत्तोबा म्हणाला. "दर साली याच टायमाला लावायची ती, तू दिल्याल्या पुडीतलंच थोडं थोडं. तिसऱ्या-चौथ्या दिशी वर येती. ह्या सालाला इसेक दीस झालं असतील. पडून व्हती, तरी मला हाताला धरून हितं आनायला लावायची आन् बघायची. आलंच न्हाई. मंग रोज येकच म्हनायची, आवं, खातूनभाभीला घिऊन या, मला भेटायचंय त्यांना. मी म्हनलं, तापात बडबडती. म्हनलं, पाऊस झाला की बगू." तो थांबला. "मला आपलं वाटलं, काकडी शमशूभाईची, तवा शमशूभाईचंच कायतरी झालं. तिला खातूनभाभीचं काय सुचलं, कुनाला ठावं."

शमशुद्दीन वाफ्यापाशी खाली बसला. त्यानं बोटानं चिखल उकरला. वीस दिवस पाण्यात असलेला काळा, मऊ चिखल. त्यात पांढरट बी लागलं. त्यानं ते उचलून तळहातावर घेतलं. त्याला चिखल लागला नव्हता. ते स्वच्छ होतं, आणि राखेचा हलका करडा थर त्याच्यावर तसाच होता. ती राख कुणाच्या हातची होती, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यानं दुसरं बी उकरलं. तिसरं. सगळी तशीच.

"काय रं? असा का बसलास?" दत्तोबानं विचारलं.

"मला जायला हवं."

"आत्ता तर आलास. अकरा वर्सानं आलास, भाकर तरी खा."

"खातून घरी एकटी आहे," शमशुद्दीन म्हणाला. दत्तोबानं त्याच्या तळहाताकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि पायात वहाणा घातल्या. फाट्यापर्यंत तो बरोबर आला. गाडी आल्यावर त्यानं बाहेरून दार लावलं आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली, पूर्वी शमशुद्दीन मारायचा तशी.

परतीचा रस्ता संपता संपेना. कात्रजच्या घाटात गाडी ट्रकांच्या मागे अडकली आणि शमशुद्दीन आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरवर ओरडला. लोकांनी वळून पाहिलं. खातूनला खोकला आहे का, हे तो आठवून बघत होता. मागच्या महिन्यात जिना चढताना ती मध्येच थांबली होती का? की पिशवीचा हात बदलायला थांबली होती? त्याला आठवेना. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती, आणि सोजरबाईंना मधुमेह आहे, आप्पासाहेबांचं कुठलं ढोपर दुखतं, हे त्याला पाठ होतं. खातूनचं त्याला काहीच माहीत नव्हतं. ती समोरच असायची, म्हणून कधी बघितलंच नव्हतं.

स्वारगेटला उतरून त्यानं रिक्षा केली. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला. खोलीत कुणी नव्हतं. चूल थंड होती. तो तसाच वर गेला.

खातून गच्चीवर होती. संध्याकाळचं ऊन तिच्या पाठीवर होतं आणि ती काकडीच्या वेलाला पाणी घालत होती.

"इतक्यात आलात?" ती म्हणाली. "मला वाटलं, मुक्काम कराल. चपला तरी काढा खाली. आणि माझ्याकडे असे काय बघताय? शिंगं फुटलीत का मला?"

शमशुद्दीन पाटावर बसला. त्याला धाप लागली होती. तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी त्याला दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं सांगितलं, दत्तोबा आहे, तुळजाबाई गेली.

खातूननं रिकामा तांब्या उपडा ठेवला. "मला वाटलंच," ती म्हणाली. "बी त्यांनीच धरलं होतं. मला दाखवलं होतं त्यांनी, चुलीवर कसं टांगायचं ते."

"मग काल का बोलली नाहीस?"

"तुम्ही चिठ्ठीवर दत्तोबा लिहिलंत. मी काय सांगणार?" ती पाटाशेजारी खाली बसली. "त्यांनी माझी काकडी लावली होती का हो यंदा?"

"लावली होती."

"आली?"

शमशुद्दीनच्या सदऱ्याच्या खिशात त्या तीन बिया होत्या. "आली की," तो म्हणाला. "मांडवावर चढलीय. फूल धरलंय."

"कधी लावली म्हणाले?"

"वीसेक दिवस झाले असतील."

काकडीला वीस दिवसांत फूल धरत नाही. हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, खातूनला तर होतंच. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पण त्याला खोडून काढलं नाही. ती उठली, राखेच्या मडक्यातून मागच्या सालचं बी काढलं, एक फडकं ओलं केलं.

"हे काय करतेस?"

"दरवर्षी सगळ्या गावाची पुरचुंडी बांधता. माझी कधी बांधली नाहीत. बघू या तरी."

"राहू दे, खातून."

"का?"

तिनं पाच बिया मोजून फडक्यात घातल्या, गाठ मारली आणि चिठ्ठी पुढे केली. "नाव घाला."

शमशुद्दीननं पेन घेतलं. त्यानं लिहिलं, 'खातून, काकडी', आणि पुढे साल घालायचं राहिलं.

ते पाच दिवस शमशुद्दीन घराबाहेर पडला नाही. मशिदीतही गेला नाही, नमाज घरीच पढला. खातूनला वाटलं, दत्तोबाच्या दुःखानं असं झालं असेल. किंवा तिला तसं वाटलं असं तिनं दाखवलं. "मला बी धरायला शिकव," तो म्हणाला तेव्हा ती म्हणाली, "एकतीस वर्षं तिकिटं फाडलीत, आता काकड्या फाडा." पण तिनं शिकवलं. वेलावरची पिवळी काकडी तिनं त्याच्याकडून कापून घेतली. त्याच्या बोटांतून गर निसटायचा, बिया निम्म्या मोरीत जायच्या. "हळू. नखं लावू नका. त्याला लागतं." त्यानं राख जास्त घेतली की ती त्याच्या मनगटावर चापट मारायची. तिच्या हाताचा स्पर्श कसा आहे हे त्याला नव्यानं कळत होतं. ती हसली की त्याला बरं वाटायचं, आणि लगेच त्याची नजर टोपलीकडे जायची.

ती जिना चढताना मध्ये थांबत होती. पिशवी नसतानाही थांबत होती. दुसऱ्या दिवशी त्यानं डॉक्टरकडे जाऊ म्हटलं. ती म्हणाली, जाऊ, सोमवारी जाऊ, आधी हे बी वाळू दे. तिसऱ्या दिवशी तो टोपलीपाशी गेला, पुरचुंडीला हात लावला आणि मागे घेतला. फडकं ओलं होतं. आत काय आहे ते वरून चाचपून कळलं असतं. त्यानं चाचपलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी खातून चहा पिऊन वर गेली. शमशुद्दीन मागोमाग गेला. तिनं टोपलीतून पुरचुंडी उचलली आणि ती कठड्यापाशी जाऊन उभी राहिली, त्याच्याकडे पाठ करून. त्याला तिचे हलणारे कोपर दिसत होते. मग ते हलायचे थांबले. खाली वखारीत करवत चालू होती, कुणीतरी हमालांना हाका मारत होतं. खातून तशीच उभी होती. शमशुद्दीनला वाटलं, पुढे जावं, तिच्या हातातून ते घ्यावं आणि खाली फेकून द्यावं. त्याला तिच्याशिवाय एक दिवसही काढता येणार नव्हता, हे त्याला त्या वेळी अगदी स्पष्ट कळलं. पण तो जागचा हलला नाही.

"उगवलंय," ती म्हणाली.

"बरं झालं," तो म्हणाला.

किती उगवलंय, हे त्यानं विचारलं नाही. तिनं मूठ मिटलेलीच ठेवली, कोपऱ्यातल्या खोक्यापाशी जाऊन बसली, एका हातानं माती उकरली आणि फडक्यासकट सगळं आत पुरलं. वर माती लोटून तिनं तळहातानं दाबली. हात मात्र उचलला नाही.

"पाणी घाला," ती म्हणाली.

शमशुद्दीननं तांब्या आणला आणि तो तिच्या हातावरून सावकाश पाणी घालू लागला. तिची बोटं भिजताहेत ना, कोरडी तर राहत नाहीत ना, एवढंच तो बघत होता.